स्वभावाचे शिक्के आणि आपली घरं

दहावीचा निकाल लागला की नागपुरात पालकांची धावपळ सुरू होते. सायन्स घ्यावं की कॉमर्स, क्लास नीटचा लावावा की जेईईचा, हे ठरवायला फार दिवस हाताशी नसतात. नेमक्या त्याच दिवसांत मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याचा स्वभाव, बुद्धी आणि करिअर सांगणारी मंडळी दाराशी येतात. काही ठिकाणी तर शाळेच्या पालकसभेतच त्यांना वेळ दिला जातो. रंगीत अहवाल हातात पडतो. मुलगा इतके टक्के अंतर्मुख, इतके टक्के नेतृत्वगुणाचा, अमुक क्षेत्र योग्य, तमुक अयोग्य. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने या ठशांच्या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचं जाहीर निवेदन काढलेलं आहे. तरी अहवाल खपतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. असे अहवाल वाचून आलेली मुलं माझ्या वर्गात असतात. ‘मॅडम, माझ्यात चिकाटी नाही, रिपोर्टमध्येच लिहिलं आहे,’ असं सोळा वर्षांची पोर शांतपणे सांगते तेव्हा पोटात कालवतं. तिच्या आईवडिलांना अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. ते शिकलेले आहेत, मुलीवर जीव टाकणारे आहेत. त्यांनी पैसे मोजून जे आणलं, ते आपण सगळेच घरात फुकट वाटत असतो. ‘हा लहानपणापासून अस्साच आहे बाप्पा.’ ‘मोठी शहाणी, धाकटी आगाऊ.’ ‘आजोबांवर गेला, तापट.’ आणि शेवटी ‘स्वभावाला औषध नाही’. छापील अहवाल या बोलण्यावर फक्त शिक्कामोर्तब करतो.

अलीकडे या घरगुती निवाड्यांना मानसशास्त्राची भाषाही मिळाली आहे. आत्याबाई ‘कंट्रोलिंग’, जावई ‘इंट्रोव्हर्ट’, वहिनी ‘टॉक्सिक’, दीर ‘मधला म्हणून तसा’. फ्रॉइड, युंग, अ‍ॅडलर या मानसशास्त्रज्ञांची नावं व्हॉट्सअ‍ॅपच्या कौटुंबिक ग्रुपवर फिरतात. हे सिद्धांत घरात येऊ नयेत असं मी म्हणणार नाही. यावेत, मराठीतून यावेत. पण ज्याने वाचलं त्याने ते आधी स्वतःला लावून पाहावेत. आणि ज्याच्यावर आपली सत्ता चालते, म्हणजे मूल, नवी सून, हाताखालचा माणूस, त्याच्या कपाळी ते चिकटवू नयेत. या दुसऱ्या गोष्टीबाबत शाळा आणि कंपन्यांवर सार्वजनिक बंधन असावं, इतक्या स्पष्टपणे मला हे म्हणायचं आहे.

मुळात हे सिद्धांत जन्मले तेच कुणाच्या तरी घरात. १८९६ मध्ये फ्रॉइडचे वडील वारले आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःची स्वप्नं, स्वतःच्या आठवणी उकरायला घेतल्या. मनोविश्लेषणाचा पाया त्या उकरण्यात आहे. आल्फ्रेड अ‍ॅडलर लहानपणी मुडदूस झालेला, सतत आजारी मुलगा होता. थोरला भाऊ धडधाकट, धावण्या-खेळण्यात पुढे. धाकटा भाऊ तर याच्या शेजारच्या अंथरुणात गेला. न्यूनगंड आणि त्यावर मात करण्याची धडपड हा विचार त्याला कुठून सुचला असेल, हे वेगळं सांगायला नको. एरिक एरिक्सनला जन्मदाता बाप कोण हे आयुष्यभर कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव घेऊन तो वाढला आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने स्वतःच स्वतःला ‘एरिक्सन’ हे आडनाव दिलं. ‘मी कोण’ हा पौगंडावस्थेतला मुख्य पेच आहे हे जगाला त्याने शिकवलं. माणसांचे सोळा स्वभावप्रकार पाडणारी ती प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज चाचणीसुद्धा घरातूनच निघाली. कॅथरिन ब्रिग्जला आपला होणारा जावई आपल्या कुटुंबापेक्षा इतका वेगळा का, हे कोडं पडलं होतं. तिने १९२१ च्या युंगच्या ग्रंथाचा आधार घेतला आणि पुढे मुलगी इझाबेलने त्याची चाचणी केली.

यातला फरक मात्र डोळ्यांत भरतो. फ्रॉइड, अ‍ॅडलर, एरिक्सन यांनी आधी स्वतःला चिरून पाहिलं. तिथून विचार पसरत गेला, त्यावर भांडणं झाली, दुरुस्त्या झाल्या. १९११ मध्ये अ‍ॅडलर फ्रॉइडपासून वेगळा झाला. कलकत्त्यात १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि आपल्या भारतीय रुग्णांची मनं युरोपीय रुग्णांसारखी हुबेहूब नाहीत हे फ्रॉइडलाच पत्राने कळवलं. बोसांचा हा बाणा मला फार मोलाचा वाटतो. सासूने जावयासाठी शोधलेल्या प्रकारांचं मात्र पुढे तयार खोक्यांत रूपांतर झालं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, ही टीका तिच्यावर कित्येक वर्षं होते आहे. नोकरीला माणूस निवडताना ती वापरू नका, असं ती चालवणारेच सांगतात. तरी ती वापरली जाते.

आता हे आपल्या घराला लावून पाहू. माझे वडील पाच भावंडांत थोरले. नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर, आजोबांची तुटपुंजी कमाई. वडील मॅट्रिक होऊन लगेच नोकरीला लागले आणि त्यांच्या पगारावर चौघं शिकली. घरात सगळे म्हणत, थोरला मुळातच समजूतदार. अ‍ॅडलरचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, पण थोरल्या-धाकट्यावरून स्वभाव घडतो हा त्याचा जन्मक्रमाचा सिद्धांत आमच्या ओसरीवर पाठ होता. २०१५ मध्ये या सिद्धांताची मोठी तपासणी झाली. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जन्मक्रमाचा स्वभावाच्या मुख्य पैलूंवर काही परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पावणेचार लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या अभ्यासातही तो नगण्यच निघाला.

मग वडिलांचा समजूतदारपणा खोटा होता का? तो खराच होता, पण ते त्यांना दिलेलं काम होतं. दुसरं कुणी करणारं नव्हतं म्हणून त्यांनी ते केलं आणि इतकी वर्षं केलं की सगळ्यांना तो स्वभाव वाटू लागला. स्वभाव म्हटलं की आभार मानायची गरज उरत नाही, ओझं वाटून घ्यायचीही नाही. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड देताना आपण म्हणतो, ‘तिला आवडतं नं सांभाळायला.’ तिला विचारलेलं नसतं. अ‍ॅडलरचा खरा मुद्दा जन्माचा आकडा हा नव्हताच. घरात आपल्याला कोणती जागा मिळाली आणि त्या जागेचा मुलाने काय अर्थ लावला, हे त्याला विचारायचं होतं. त्याची आकडेमोड कोसळली तरी हा प्रश्न अजून कामाचा आहे.

निवृत्तीनंतर वडील चिडचिडे झाले असं घरचे म्हणतात. घरात ते खरोखर चिडतात: कूलरमध्ये पाणी भरलं नाही, पेपर उशिरा आला, नातवाने मोबाइलवर मोठ्याने काही लावलं. पण सकाळी अंबाझरी तलावाच्या काठावर फिरायला येणाऱ्यांत हेच वडील सगळ्यांना हसवत असतात. तिथल्या एका काकांनी मला एकदा सांगितलं, ‘तुमचे बाबा आले नाही नं, तर आमची सकाळ सुनी जाते.’ दोन्ही बाबा खरेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये हेच दाखवून खळबळ उडवली होती. एखाद्या गुणाची चाचणी घेऊन माणूस प्रत्यक्ष प्रसंगात कसा वागेल हे सांगू गेलं तर दोन्हींतला सहसंबंध (पूर्ण जुळलं तर तो १ असतो) बहुतेक वेळा ०.३० च्या वर जात नाही, असं त्याने जुन्या अभ्यासांवरून मांडलं. पुढे त्याने आणि सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं वागणं बारकाईने टिपलं. मुलांच्या वागण्यात सातत्य सापडलं, पण ते वेगळ्याच जागी. एक मूल मोठ्यांनी बजावलं की भडकायचं आणि बरोबरीच्यांनी चिडवलं तर शांत राहायचं. दुसऱ्याचं नेमकं उलट. दोघांची सरासरी काढली तर दोघंही ‘रागीट’ ठरतील आणि दोघांनाही कुणी ओळखलेलं नसेल.

घरात करण्यासारखी सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला यात सापडते. ‘तो रागीट आहे’ म्हणण्याऐवजी केव्हा, कुठे, कुणासमोर, कशानंतर हे बघायचं. वडिलांच्या बाबतीत उत्तर सोपं निघालं. ज्या घरात चाळीस वर्षं प्रत्येक निर्णय त्यांना विचारून झाला, तिथे आता कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. तळ्यावर विचारत होते. हे कळायला कुठलीही चाचणी लागली नाही.

शिक्क्याचं दुसरं काम अधिक क्रूर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत सगळं शहर आपली दुखणी त्या पुतळ्यावर लादतं आणि ती वेशीबाहेर नेऊन जाळतं. कागदाच्या पुतळ्याबाबत हे छानच आहे. पण कित्येक घरं आपल्यातल्याच एका जिवंत माणसाची मारबत करतात. सगळ्या भांडणांचं मूळ तो, सगळ्या अपयशाचं कारण ती. १९५० च्या दशकापासून कुटुंबोपचार करणाऱ्यांनी हे वारंवार नोंदवलं आहे. घर एकाला ‘पेशंट’ म्हणून पुढे करतं, आणि तो सुधारायला लागला की घराचाच तोल बिघडतो, कारण इतरांचे ताण त्याच्या नावावर जमा असतात. युंगने माणसाच्या मनातल्या नकोशा बाजूला सावली म्हटलं. आपली सावली आपल्याला सगळ्यात आधी दुसऱ्याच्या अंगावर दिसते. ज्या नातेवाइकाच्या एखाद्या खोडीने आपल्या अंगाची लाही होते, ती खोडी आपल्यात कुठे दडली आहे हे शोधून पाहावं. युंग घरात आणायचाच असेल तर या दाराने आणावा.

इतके ढोबळ शिक्के आपल्याला पटतात तरी कसे? बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून व्यक्तिचित्र दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि तो बराचसा रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. दहा बोटांच्या ठशांचा अहवाल वाचून ‘अगदी बरोबर लिहिलं आहे हो’ म्हणणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही गोष्ट ऐकावी.

हा प्रश्न मला केवळ मानसशास्त्राचा वाटत नाही, आणि नागपुरात राहून तो तसा वाटूही नये. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण लिहिलं आणि जे प्रत्यक्षात होऊ दिलं गेलं नाही, त्यात त्यांनी प्लेटोचा समाचार घेतला आहे. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग पाडले. आपल्याकडचे काही सुधारक म्हणत, वर्ण जन्माने नको, गुणांनी मानू. बाबासाहेबांनी दोघांना एकच उत्तर दिलं. माणसांना मोजक्या ठरीव कप्प्यांत कोंबणं हीच मुळात माणसाबद्दलची उथळ समजूत आहे. प्रत्येक माणूस स्वतःच एक वर्ग असतो, आणि त्याच्यातल्या प्रवृत्तींची जुळणी किती तऱ्हांनी होऊ शकते याला अंत नाही. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: जुनी नावं कायम ठेवून त्यांना नवा अर्थ देता येत नाही, कारण नावाबरोबर उच्चनीचतेची जुनी कल्पनाही चालत येते. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांवरचा इतका मूलगामी आक्षेप मी दुसरीकडे वाचलेला नाही. योगायोग असा की त्याच १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास अठरा हजार शब्द वेचून काढले. मानसशास्त्राने पुढे हे शब्द गाळत गाळत पाच मोठ्या गुणांपर्यंत आणले, आणि तेही कप्पे म्हणून नाही. कमी-अधिक मोजता येणाऱ्या पट्ट्या म्हणून आणले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो माणसांनी जन्माने मिळालेली ओळख टाकली. ‘हे असेच’ म्हणून ज्यांना शतकानुशतकं बजावलं गेलं होतं, ती ही माणसं. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी काय शिकून दाखवलं ते आपण सगळे रोज बघतो. त्याच शहरात अकरावीतल्या मुलाला छापील कागदावर ‘नेतृत्वगुण कमी’ असं लिहून देणं मला सहन होत नाही. हा कागद कुणाच्या मुलाला जास्त इजा करेल तेही उघड आहे. ज्याच्या घरी तीन पिढ्यांचे डॉक्टर आहेत तो अहवाल फेकून देईल. ज्याच्या घरात कॉलेजात जाणारा तो पहिला, तो कागद खरा मानेल.

गीतेचा आधार घेऊन कुणाला तमोगुणी ठरवणाऱ्यांनाही एक सांगते. चौदाव्या अध्यायातला दहावा श्लोक म्हणतो की सत्त्व, रज, तम यांतला कधी एक तर कधी दुसरा बाकीच्या दोघांना मागे सारून वर येतो. तिथेही एकाच माणसात चढउतार आहे.

आनुवंशिकतेचं काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून लोकांच्या स्वभावातल्या फरकांचा साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक असल्याचं दिसतं. पण हा आकडा समूहातल्या फरकांचा आहे. तुमच्या मुलाचा निम्मा राग आजोबांकडून आला असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय जे वारशाने येतं ते गोठलेलं असतं असंही नाही. २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा वय वाढतं तसा कामातला नेटकेपणा आणि भावनिक स्थैर्य वाढताना दिसलं, आणि बदलाचा मोठा भाग विशी ते चाळिशीच्या दरम्यानचा होता. सोळाव्या वर्षी ज्याला ‘चिकाटी नाही’ म्हणून लिहून दिलं, त्याची चिकाटी वाढण्याची वर्षं अजून यायची आहेत. २०१७ मध्ये उपचारांच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा निघाला. काही महिन्यांच्या मानसोपचाराने भावनिक अस्थिरता लक्षणीय कमी होते आणि तो फरक टिकतो, असं त्यात दिसलं. स्वभावाला औषध आहे. घरातलं माणूस वर्षानुवर्षं कुढत असताना त्याला या म्हणीचा आधार देऊन डॉक्टरपासून दूर ठेवणं हा अन्याय आहे.

शिक्क्याने दिलासाही मिळतो, हे मला मान्य आहे. माझी एक भाची लग्नाकार्यात कोपऱ्यात बसते. तिला लोक शिष्ट म्हणत. युंगच्या अंतर्मुखतेबद्दल तिने वाचलं आणि आपल्यात काही खोट नाही हे तिला उमगलं. तो शब्द तिने स्वतः निवडला, स्वतःसाठी वापरला आणि वाटेल तेव्हा ती तो सोडू शकते. हाच शब्द तिच्या शाळेने तिच्या फाईलमध्ये लिहिला असता, तर वक्तृत्व स्पर्धेला तिचं नाव कुणी दिलं असतं?

स्वतःला लावण्यासाठी मला एरिक्सन सगळ्यात जवळचा वाटतो. १९५० मध्ये त्याने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि प्रत्येक टप्प्याला एक पेच दिला. त्याच्या मांडणीत माणूस कुठल्याच वयात पुरा झालेला नसतो. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपावरून त्याने गांधीजींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा अठ्ठेचाळिशीतल्या माणसापुढे कोणता पेच होता हे तो शोधत होता. मी पन्नाशी ओलांडली आहे. माझ्या वयाचा पेच तो असा सांगतो: पुढच्यांसाठी काही उभं करायचं की स्वतःभोवती साचून राहायचं. हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा मुलं माझं ऐकत नाहीत म्हणून येणारा राग मला वेगळा दिसतो. आई म्हणते तू आधीपासूनच हट्टी. एरिक्सन विचारतो, आता तू कुठल्या वळणावर आहेस. मला त्याचा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आणि इतरांना समजून घ्यायचं असेल तर ऑलपोर्टची एक आठवण पुरेशी आहे. १९२० मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो व्हिएन्नात फ्रॉइडला भेटायला गेला. फ्रॉइड गप्प बसून राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून ऑलपोर्टने येताना ट्राममध्ये पाहिलेल्या एका लहान मुलाची गोष्ट सांगितली. त्या पोराला घाणीची भयंकर भीती वाटत होती. फ्रॉइडने त्याच्याकडे रोखून पाहत विचारलं, ‘आणि तो लहान मुलगा तुम्हीच होतात का?’ ऑलपोर्ट चक्रावला. खोल बुडी मारण्याआधी माणसाच्या वरवर दिसणाऱ्या, साध्या हेतूंची नीट दखल घ्यावी, हा धडा त्याने त्या दिवशी घेतला. आपल्या घरांत ही दखल राहूनच जाते. नवी सून गप्प का, याचे दहा अर्थ स्वयंपाकघरात निघतात. तिला कुणी विचारत नाही. कदाचित तिला इथली भाजी तिखट लागत असेल.

घरात बदल ज्याने त्याने करायचा आहे. शाळेत तो मागावा लागेल. व्यक्तिमत्त्वाची किंवा ठशांची कुठलीही चाचणी विकणाऱ्याला पालकसभेत बोलावू नये. मुलांना खरोखर मदत हवी असेल तर प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि त्याला वर्गात वेळ द्यावा. आणि तरीही कुणी चाचणी पुढे केली, तर शुल्क भरण्याआधी पालकांनी शाळेकडून लेखी उत्तरं घ्यावीत: ही कुणी तयार केली, मराठी माध्यमातल्या किती मुलांवर तपासली, महिनाभराने पुन्हा घेतली तर निकाल तोच येतो का, चाचणी घेणाऱ्याचं शिक्षण काय, आणि माझ्या मुलाचा अहवाल कोणकोण वाचणार, किती वर्षं ठेवणार.